टिचकीताईंचा डावा कान

कपबशांच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला प्रत्येक कप टिचकीताईंच्या हाताखालून जायचा. डाव्या हाताच्या तीन बोटांवर कप तोलायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्याच्या कडेला टिचकी मारायची आणि ऐकायचं. कप खणखणला तर उजवीकडच्या खोक्यात, बद्द वाजला तर डावीकडच्या टोपलीत. केसाएवढा तडा डोळ्याला दिसत नाही, पण आवाजात लपत नाही. एका पाळीत दोन हजार कप. एकवीस वर्षं हेच काम केल्यावर माणसाचं खरं नाव कोण लक्षात ठेवतो? पगाराच्या यादीत काय असेल ते असो, बाकी सगळ्यांच्या त्या टिचकीताई होत्या, आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

आता यातली गंमत ऐका. गेली कित्येक वर्षं टिचकीताईंना कप ऐकूच येत नव्हते.

डाव्या कानानं जवळपास राजीनामा दिला होता आणि उजवा अर्ध्या दिवसाच्या कामावर होता. कानाच्या पडद्याआड तीन चिमुकली हाडं असतात, त्यातलं सगळ्यात लहान, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं हाड त्यांच्या दोन्ही कानांत हळूहळू जखडत चाललं होतं. आवाज पडद्यापर्यंत यायचा आणि तिथंच ताटकळायचा. पण ताई काही हार जाणाऱ्यातल्या नव्हत्या. चांगला कप टिचकीनंतर बोटांवर क्षणभर थरथरत राहतो आणि तडकलेला लगेच थंड पडतो, हे त्यांच्या बोटांनी कधीच हेरलं होतं. तेव्हा कानाचं काम बोटांनी उचललं आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

माणसांचं काम मात्र बोटांनी भागत नाही. तिथं ताईंनी तीन उत्तरं पाठ केली होती: ‘हो ना’, ‘अगदी बरोबर’ आणि ‘बघू या की’. समोरच्याचा चेहरा बघायचा आणि तिन्हींतलं एक उत्तर द्यायचं. बहुतेक वेळा निभावून जायचं. शेजारणीनं गुडघा मोडल्याचं सांगितलं तेव्हा ‘अगदी बरोबर’ म्हणून बसल्या, तेवढं एक सोडा.

कारखान्यात वर्षातून एकदा कान तपासायला माणूस यायचा. काचेच्या खोलीत बसवायचा, कानांवर मोठे गोल लावायचा आणि हातात बटण द्यायचा. आवाज आला की बटण दाबायचं. तो माणूस पाठमोरा बसे, पण यंत्राची कळ दाबताना त्याचा उजवा खांदा इतकासा हले, आणि काचेत तो खांदा ताईंना स्वच्छ दिसे. खांदा हलला की ताई बटण दाबत. एकदा त्याला खांदा खाजवायची लहर आली तेव्हाही त्यांनी इमानेइतबारे दाबलं. दरवर्षी शेरा यायचा, ‘उत्तम’. इतकं चांगलं ऐकणारी बाई अख्ख्या कारखान्यात दुसरी नव्हती.

हे सगळं कशासाठी, असं विचाराल, तर त्याची मेख आठ वर्षं मागे होती.

आठ वर्षांपूर्वी ताईंच्या डाव्या कानाची शस्त्रक्रिया झाली होती. जखडलेल्या हाडाच्या जागी एक पिस्टन बसवायचा होता. पिस्टन म्हणजे गाडीतला नव्हे, पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढा. ही शस्त्रक्रिया रोग्याला जागं ठेवून करतात, फक्त कान बधिर करतात. तेव्हाचे डॉक्टर वयस्क, प्रेमळ, आणि त्या दिवशी फार दमलेले. पिस्टन बसवून झाल्यावर ते वाकून हळूच म्हणाले होते, “काय, येतंय का ऐकू?” ताईंना नेमकं काही ऐकू आलं नव्हतं. कुणीतरी काहीतरी विचारतंय एवढं कळलं, आणि विचारणार दुसरं काय? एवढा मोठा माणूस दोन तास आपल्या कानात डोकं घालून बसलाय, त्याला नाही कसं म्हणायचं? ताई म्हणाल्या, “हो, हो! छान येतंय!”

डॉक्टर खूश झाले आणि कान बंद केला. बाहेर ताईंचे यजमान बसले होते. ते शिंपी, सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. मास्तरांनी बातमी ऐकली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरच डोळे पुसले. पुढचे पंधरा दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, माप घेता घेता, बायकोचा कान कसा लख्ख झाला हे त्यांनी ऐकवलं. एका गिऱ्हाइकाची बाही त्या आनंदात दोन बोटं आखूड झाली. एवढ्या आनंदावर पाणी ओतायचं ताईंच्या जिवावर आलं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत आठ वर्षं गेली. एक ‘हो’ म्हटला होता, तो निस्तरायला रोज दहा-वीस ‘हो’ म्हणावे लागत होते.

पितळ उघडं पाडलं ते हातमोज्यांनी. कारखान्यात नवा नियम आला. वर्गवारीच्या टेबलावर सगळ्यांनी रबरी हातमोजे घालायचे, सुरक्षेसाठी. नियम चांगलाच होता. फक्त ताईंचे खरे कान त्या हातमोज्यांच्या आत गेले.

पहिल्या दिवशी टिचकी मारली आणि काही म्हणजे काही कळेना. ताईंचं धाबं दणाणलं. चेहरा मात्र तसाच. कप उचलत राहिल्या, टिचक्या मारत राहिल्या, आणि अंदाजानं दहा खोक्यात, एक टोपलीत असं टाकत राहिल्या. महिन्याभरात एका हॉटेलातून चाळीस डझन कप परत आले. गरम चहा ओतला की कान गळून पडत होता, कपाचा. साहेबांनी ताईंना बोलावलं आणि टेबलावर एका बाजूला फुटके कप आणि दुसऱ्या बाजूला कानांचा तक्ता ठेवला.

“ताई, हा तक्ता म्हणतो उत्तम. आणि हे कप बघा. मी कुणावर विश्वास ठेवू?”

तीन पाठ उत्तरांतलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं. साहेबांनी आवाज चढवला नाही. तीन महिने लेबलं चिकटवायच्या टेबलावर बसा, म्हणाले, तोवर काय ते बघा, नाहीतर वर्गवारीवर दुसरी बाई घ्यावी लागेल. एकवीस वर्षांनी टिचकीताई लेबलं चिकटवू लागल्या. नाव तेवढं राहिलं, टिचकी गेली.

घरी आईला ऐकू येत नाही हे लेकीनं ओळखलं. तिला खरं तर बरंच आधी कळलं होतं. ती स्वयंपाकघरात आईच्या पाठीमागे उभी राहिली आणि तीनदा हाक मारली. आई भांडी घासत राहिली. लेक समोर आली, आईचा हात धरला आणि म्हणाली, “आई, मी शनिवारची वेळ घेतलीय. कानाच्या डॉक्टरांची. बाबा पण येणार.”

“बघू या की,” ताई म्हणाल्या.

“बघू या नाही. चल.”

नवी डॉक्टर लेकीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी. तिनं कारखान्याचा तक्ता वाचला, ताईंकडे पाहिलं, परत तक्ता वाचला. मग ताईंची खुर्ची भिंतीकडे फिरवून मागून तपासणी केली. भिंतीला खांदा नसतो. पाच मिनिटांत खरा तक्ता तयार झाला. डाव्या कानाची रेघ पार तळाला गेली होती.

डॉक्टरीणबाई समोर येऊन बसली. “ताई, एक विचारते. मागच्या वेळी टेबलावर डॉक्टरांनी विचारलं असेल, ऐकू येतंय का म्हणून. तेव्हा खरंच आलं होतं?”

मास्तर शेजारच्याच खुर्चीवर होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मी हो म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या.

मास्तर स्वतःच्या हातांकडे बघत होते.

“मला वाटायचं, माझंच चुकतंय,” ते लेकीला म्हणाले. “तोंडात टाचण्या धरून बोलतो म्हणून हिला कळत नसेल. म्हणून तर टाचण्या तोंडात धरायच्या सोडल्या मी. सात वर्षं झाली.”

लेकीनं ते वाक्य आईच्या उजव्या कानाशी मोठ्यानं पुन्हा म्हटलं. ताईंना आधी हसू आलं, मग एकदम रडू कोसळलं. मास्तर काही रागावले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. त्याला दोन टाचण्या टोचलेल्या होत्या, त्या आधी काढून घेतल्या.

डॉक्टरीणबाईनं मग साखरेत न घोळवता सांगितलं. पुन्हा शस्त्रक्रिया करता येईल. जुना पिस्टन काढायचा, नवा बसवायचा. पण दुसऱ्यांदा उघडलेला कान पहिल्यासारखा सोपा नसतो. आत जुने व्रण असतात, यशाची खात्री कमी, आणि फार वाईट झालं तर डाव्या कानात उरलंसुरलं आहे तेही जाईल. उजवा आज ना उद्या त्याच वाटेनं जाणार आहे. म्हणजे हा कान मिळाला तर सगळंच मिळालं.

“आणि अर्धं काम तुमचं आहे,” ती म्हणाली. “तुम्ही जाग्या असणार. पिस्टन नीट बसला की नाही, हे मला डोळ्यांनी पुरतं कळत नाही, तुमच्या तोंडूनच कळतं. मी कुजबुजत आकडा म्हणेन. ऐकू आला तरच तो म्हणायचा. नाही आला तर ‘नाही’ म्हणायचं. जमेल?”

“अगदी बरोबर,” ताई म्हणाल्या. लेकीनं कपाळावर हात मारला.

पुढचे तीन आठवडे घरात शिकवणी चालली. लेक आईच्या मागे उभी राहून आकडे कुजबुजायची आणि आई ठोकून द्यायची. दहातले दोन-तीन बरोबर यायचे.

“शाबास मी!” ताई म्हणायच्या.

“आई, तू अंदाजानं सांगतेस!”

“बरोबर आले ना पण?”

मास्तर कात्री चालवता चालवता बघत बसायचे. “एक ‘नाही’ म्हणायला सांगितलंय हिला,” ते लेकीला म्हणायचे. “सगळ्या आयुष्यात मला हजारदा नाही म्हणाली. आणि आता अडलंय बघ.” पण त्यांचाही जीव टांगणीला लागलेला होता. त्या आठवड्यांत त्यांनी एकाच सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावल्या.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ताई टेबलावर आडव्या झाल्या. भीती होतीच, पण त्यापेक्षा काहीतरी होणार आहे, आत्ता होणार आहे, ही उत्सुकताच जास्त होती. डोकं उजवीकडे वळवलेलं, चेहऱ्यावर हिरवं कापड. आता कुणाचा चेहरा वाचायची सोय नव्हती, काचेत कुणाचा खांदा नव्हता. उजव्या कानात एक लहानसं यंत्र लावून खरखर सोडली होती, म्हणजे त्या कानानं लुडबूड करू नये. डाव्या कानाभोवती सुया टोचल्या आणि थोड्या वेळात तो भाग आपला नाहीच असं वाटू लागलं.

खुडखुड सुरू झाली. ताईंना कळत होतं ते एवढंच, की कुणीतरी आपल्या डोक्याच्या आत फार लहान घर आवरतंय. मध्येच टेबल गर्रकन फिरल्यासारखं झालं. त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या. डॉक्टरीणबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, जुना पिस्टन निघताना चक्कर येईल, हलायचं नाही. ताई हलल्या नाहीत. निघाला, असं त्यांनी मनातच म्हटलं. आठ वर्षांचा खोटेपणा निघाला, चिमट्याच्या टोकावर.

मग खुडखुड थांबली. कुणीतरी त्यांच्या हातावर दोनदा थोपटलं. ही ठरलेली खूण होती: आता आकडा.

ताईंनी सगळा जीव डाव्या कानात आणला. काही आलं नाही. पण खूण तर झाली होती, म्हणजे आकडा म्हटला गेला असणार. तोंड आपोआप उघडलं.

“सात!”

काही क्षण गेले. मग उजव्या कानातली खरखर बंद झाली आणि तिथं तोंड आणून डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाली, “ताई, मी काहीच बोलले नव्हते.”

हिरव्या कापडाखाली टिचकीताईंना घाम फुटला. एवढी लाज त्यांना चाळीस डझन फुटक्या कपांसमोरही वाटली नव्हती. आता ही बाई उठून जाईल, असं त्यांना वाटलं. ती उठली नाही. “मला मुद्दाम बघायचं होतं,” ती म्हणाली, “रागावले नाही. पण आता माझ्याकडे तुमच्याशिवाय दुसरं काही नाही. पुन्हा करू.” खरखर परत सुरू झाली.

हातावर थोपटलं.

या वेळी काहीतरी होतं. भिंतीपलीकडे कुणी लुगडं झटकावं तसं. त्याला आकडा म्हणता आलं असतं. ‘चार’ म्हटलं असतं तर खपलं असतं, ‘नऊ’ही खपलं असतं. बाहेर मास्तर बसले होते. हो म्हटलं की कान बंद होणार, दार उघडणार, मास्तर पुन्हा पायऱ्यांवर डोळे पुसणार. जिभेच्या टोकावर आलेलं ते ‘चार’ ताईंनी गिळलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “काहीतरी आलं, पण नीट नाही आलं.”

त्यांचा हात कुणीतरी जोरात दाबला. पुन्हा खुडखुड. पुन्हा थोपटलं.

“नाही!”

दुसरं ‘नाही’ पहिल्यापेक्षा सोपं गेलं. पिस्टन काढला गेला, दुसरा, थोडा लांब, निवडला गेला. ताईंना हे कुणी सांगितलं नाही, पण वाट बघण्यावरून कळलं. पाठ भरून आली होती, नाकाला खाज सुटली होती, आणि ताईंना वाटत होतं की हवं तर संध्याकाळपर्यंत करा, आता मी थकत नाही. नाही आलं तर नाही, दहादा नाही! बसू दे मेला नीट!

हातावर थोपटलं.

“तेवीस.”

हे ताई म्हणाल्या नव्हत्या. हे बाहेरून आलं होतं. कुणीतरी ‘तेवीस’ म्हणालं होतं, कुजबुजत, आणि तो आवाज इतका जवळ होता की ताई दचकल्या. त्यांना चार वेळा सांगितलं होतं की हलायचं नाही, म्हणून फक्त पायांची बोटं हलली.

“तेवीस!” त्या ओरडल्या. “बाई, तेवीस! तेवीस म्हणालात तुम्ही!”

“हळू,” तोच आवाज म्हणाला, “मला ऐकू येतं, ताई. छपन्न.”

“छपन्न!”

“अकरा.”

“अकरा! अगं बाई, अकरा!”

हातावर थोपटलं. ताई थांबल्या. चिमटा ट्रेमध्ये ठेवल्याचा टण्ण आवाज आला, पलीकडे कुणीतरी चपला घासत चाललं होतं, यंत्र टुक टुक करत होतं. केवढं चाललं होतं या खोलीत, आणि सगळं आत येत होतं, काहीच दाराशी अडत नव्हतं.

“आता तुम्ही काहीच म्हणाला नाहीत,” ताई म्हणाल्या. “पण कुणाचं तरी नाक वाजतंय. सर्दी झालीय का कुणाला?”

सगळी खोली हसली. “माझं,” मदतनीस म्हणाला, तोंडावरच्या पट्टीआडून, ओशाळून. आणि ते हसणं, पाच माणसांचं, वेगवेगळं, एक जाड, एक किनरं, एक नाक ओढत आलेलं, टिचकीताईंनी डाव्या कानानं एकेक करून ऐकलं. कापडाखाली त्या घळाघळा रडत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, रडा, फक्त मान हलवू नका.

मग कानात औषधाचा बोळा गच्च भरला आणि आवाज बंद झाले. तीन आठवडे तो तसाच राहणार होता, तोवर पुन्हा पहिल्यासारखंच. हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. त्यामुळे ताईंना काही वाटलं नाही. आवाज आता बोळ्याच्या पलीकडे उभा होता, आणि त्यांची ओळख झालेली होती.

दुपारी त्यांना खाटेवर आणलं. मास्तर सकाळपासून त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होते. मदतनिसानं काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, त्यांचे डोळे लाल होते आणि सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात होतं. ते ताईंवर वाकले आणि काहीतरी बोलले.

ताईंना एक अक्षर कळलं नाही. डावा कान बांधलेला, उजवा उशीत. समोर मास्तरांचा चेहरा, उजळलेला, वाट बघणारा. आठ वर्षांची सवय कुठं जाते? ‘हो ना’ ओठांवर येऊन उभं राहिलं.

“अहो,” ताई म्हणाल्या, “मला नाही ऐकू आलं. परत सांगा.”

मास्तर तसेच वाकलेले राहिले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि कान बिघडल्यापासून हे वाक्य त्यांनी बायकोच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. मग ते खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि पुन्हा बोलले.

“नाही आलं,” ताई म्हणाल्या. “अजून एकदा.”

मास्तर गुडघ्यावर बसले. ताईंनी उशीवरून डोकं इतकंसं उचललं. मास्तरांनी उजव्या कानाला तोंड लावलं आणि एकेक शब्द सुटा करून, हसत, रडत, तिसऱ्यांदा विचारलं, भूक लागलीय का?

लागली होती. मगच टिचकीताई म्हणाल्या, “हो.”